बांधकामाचा धोका आधी नकाशावर
(शेतकी खात्याकडून)



गेल्या महिन्याभरात केनयार्डात आलेल्या पुष्कळ सभासदांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. शेतकी खात्याची माणसं तिपाईवर दुर्बीण लावून यार्डाची मापं का घेतात? आणि गावोगावच्या वयस्क सभासदांना "इथं पूर्वी काय होतं" असं का विचारत फिरतात? काहींना वाटलं, जमिनीचा तंटा निघाला. काहींना वाटलं, कारखाना आणखी जमीन घेणार. दोन्ही खरे नाही. हंगाम आटोपताच यार्डाच्या उत्तर अंगाला नव्या साखर गोदामाचे आणि डिस्टिलरीच्या टाक्यांचे बांधकाम सुरू व्हायचे आहे. ते काम पुढच्या गळितापूर्वी पुरे होण्याजोगे नाही. म्हणजे पुढच्या हंगामात एका बाजूला क्रेन उभी, खड्डे उघडे, सळया वर आलेल्या; आणि दुसऱ्या बाजूला तुमचे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि तोडणी टोळ्यांची पोरंबाळं, असा प्रकार होणार. त्या दिवसांत कुणाच्या जिवावर बेतू नये म्हणून ही मापं चालली आहेत.

बांधकाम इंजिनिअरिंग खात्याचे, मग शेतकी खाते मध्ये कसे, असेही कुणी म्हणेल. कोणती गाडी कोणत्या वाटेने काट्यावर येते, कुठे तिष्ठत उभी राहते, टोळ्या कोप्या कुठे घालतात, हे आमच्या खात्याला रोजच्या कामातून ठाऊक आहे. शिवाय ऊसनोंदणीमुळे नकाशाचे काम आमच्या हातचे झाले आहे. सबब दोन्ही खात्यांनी मिळून हे काम घेतले. ते कशासाठी आणि कसे, हे सभासदांपुढे ठेवणे आमचे कर्तव्यच आहे.

नकाशा आणि सात-बारा

हल्ली मोठ्या बांधकामावर ‘बिम’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग या लांबलचक नावाचे हे लघुरूप. स्लॅबखालच्या बीमशी याचा काही संबंध नाही. इमारत जमिनीवर उभी राहण्यापूर्वी ती संगणकात उभी करायची आणि तिच्या प्रत्येक भागाची माहिती त्या भागालाच जोडून ठेवायची, असा त्याचा अर्थ.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आपण सगळे गटाचा नकाशा आणि सात-बारा यांच्यातच वाढलो. गाव नकाशा आकार दाखवतो. बांध कुठून कुठे, शीव कुठली, ओढा कुठून गेला, हे त्यावरून कळते. पण त्या तुकड्यात विहीर कुणाच्या हिश्श्याची, सोसायटीचा बोजा किती, पीक कोणते, हे नकाशा सांगत नाही; ते सात-बारावर. दोन्ही कागद वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणून तर निम्मी भांडणं. आता समजा, नकाशातल्या गटावर बोट ठेवताच त्याचा सात-बारा समोर यावा आणि फेरफार झाला की नकाशातही तो दिसावा, अशी सोय झाली. बिम म्हणजे इमारतीसाठी केलेली तशी सोय. त्यातल्या खांबाबरोबर तो किती जाडीचा, कोणत्या प्रतीच्या काँक्रीटचा, कोणत्या आठवड्यात ओतायचा, त्याच्या शेजारून कोणता पाईप जातो, हे सगळे नोंदलेले असते.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन या प्राध्यापकाने १९७५ सालीच कागदी नकाशांऐवजी इमारतीचे वर्णन संगणकात साठवावे असे मांडले होते. त्या काळी एवढ्या ताकदीचे संगणक बांधकामवाल्यांच्या आवाक्यात नव्हते, म्हणून ती कल्पना बरीच वर्षे कॉलेजातच राहिली.

जुनी रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. आर्किटेक्टचा एक नकाशा, लोखंडाचा दुसरा, विजेचा तिसरा, पाण्याचा चौथा. हे चारही एकमेकांवर बसतात की नाही, ते मिस्त्री वर चढल्यावर कळते. पाईपला बीम आडवा आला, की मग छिन्नी-हातोडा निघतो, घाईघाईने बांबू-दोरीची परांची बांधली जाते, कुणीतरी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने फोडायला लागतो. ठरवून न केलेलं काम असं अंगावर येतं, आणि त्यात माणूस पडतो. संगणकातल्या इमारतीत हा पाईप-बीमचा झगडा काम सुरू होण्याआधीच लाल रंगात दिसतो. परांचीची वेळच येत नाही.

लांबी, रुंदी, उंची ही तीन मापं झाली. चौथं माप वेळेचं. ऊसवाल्याला ते समजावून सांगायला नको. आडसाली जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू त्यानंतरची. तेव्हा जानेवारीत कोणत्या रानात ऊस केवढा उभा असेल, हे आम्ही नोंदवहीवरून घरबसल्या सांगतो. तसेच पुढच्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बांधकाम कुठवर आलेले असेल, कोणता खड्डा उघडा असेल, क्रेन कुठे उभी असेल, हे त्या संगणकातल्या इमारतीत तारीख पुढे सरकवून बघता येते. पाचवं माप पैशाचं. या सगळ्याला मिळून इंजिनिअर लोक ‘फाइव्ह-डी बिम’ म्हणतात.

सीताबर्डीचे उदाहरण

हे सगळे आपल्या राज्यात प्रत्यक्ष कुठे झाले म्हणाल, तर नागपूरला, सीताबर्डीत. नागपूरकर नुसते ‘बर्डी’ म्हणतात. टेकडीवर किल्ला, जिथे १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. आणि पायथ्याशी नागपुरातली गजबजलेली बाजारपेठ. दुकानं, फेरीवाले, चारही बाजूंनी येणारी वाहनं. शहराच्या अशा नेमक्या पोटात मेट्रोच्या दोन मार्गिका एकमेकींना छेदतात. उत्तर-दक्षिण जाणारी ऑरेंज आणि पूर्व-पश्चिम जाणारी अ‍ॅक्वा. मुंजे चौकातल्या सीताबर्डी इंटरचेंज स्टेशनात एक गाडी खालच्या पातळीवर, दुसरी वरच्या पातळीवर थांबते.

नागपूर मेट्रोला केंद्राची मंजुरी २०१४ च्या ऑगस्टमध्ये मिळाली, काम २०१५ साली सुरू झाले. सुमारे ३८ किलोमीटरच्या या पहिल्या टप्प्यासाठी मेट्रो महामंडळाने, म्हणजे आताच्या महामेट्रोने, फाइव्ह-डी बिम कामाच्या आरंभीच स्वीकारले. बेंटले ही अमेरिकेतली कंपनी, आरआयबी आणि सॅप या जर्मनीतल्या, अशांच्या प्रणाली एकमेकींना जोडून नकाशे, वेळापत्रक आणि हिशोब एका ठिकाणी आणले. ज्या काळात आपल्याकडे पुष्कळ सरकारी कामांवर नकाशाची निळी गुंडाळी साहेबाच्या कपाटात असायची, त्या काळात हे धाडसाचेच म्हटले पाहिजे.

आमच्या दृष्टीने यातली शिकण्याची गोष्ट वेगळीच आहे. खापरी ते सीताबर्डी गाडी ७ मार्च २०१९ रोजी सुरू झाली. लोकमान्यनगरकडून सीताबर्डीपर्यंतची २८ जानेवारी २०२० रोजी. उरलेल्या बाजू टप्प्याटप्प्याने आणि शेवटी ११ डिसेंबर २०२२ रोजी पूर्ण झाल्या. म्हणजे जवळजवळ पावणेचार वर्षे बर्डीत एकीकडे प्रवाशांची ये-जा आणि दुसरीकडे त्याच मार्गाच्या पुढच्या भागाचे बांधकाम, असे चालले. आपल्या कारखान्यात पुढच्या हंगामात हेच होणार आहे. गळीतही चालू आणि बांधकामही चालू.

अशा ठिकाणी नुसते "सावधान, काम चालू आहे" हा फलक लावून भागत नाही. कोणत्या तासाला कोणती वाट बंद, कोणती उघडी, आणि बंद वाटेवरचा माणूस कुठून जाईल, हे आधी ठरावे लागते. नागपुरात वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, अशी ३.१४ किलोमीटरची रचना झाली. तिची नोंद २०२२ साली गिनीज बुकात झाली. गड्डीगोदामला तर चालत्या रेल्वेमार्गावर सुमारे सोळाशे टनांचे लोखंडी गर्डर चढवले गेले. तिथे रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल व मेट्रो अशा चार थरांची वाहतूक एकावर एक आहे. एवढे वजन वर नेताना खालून गाडी गेली तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर नको. म्हणून तारीख, तास, गर्डरची वाट आणि खालची वाहतूक यांचा मेळ आधी बसवावा लागतो. त्याला चौथे माप लागते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. त्या पाच मापांत सुरक्षितता नावाचे माप नाही. लांबी, रुंदी, उंची, वेळ, पैसा. सुरक्षितता त्यातून आपोआप गळून पडत नाही. कुणीतरी मुद्दाम त्या नकाशाला विचारावे लागते की, "माणूस कुठे मरेल?" हा प्रश्न विचारला नाही तर सगळा खटाटोप फक्त वेळ व पैसा वाचवण्याचा होतो.

उंचीचा दगड

सीताबर्डीच्या पुढचेच स्टेशन झिरो माईलचे. तिथला चार घोड्यांचा दगडी खांब पुष्कळांनी पाहिला असेल. भारताचा मध्यबिंदू म्हणून लोक तिथे फोटो काढतात. पण तिथे १९०७ साली सर्वेक्षण खात्याने जो दगड बसवला, तो उंची मोजण्याचा आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, सुमारे १०२० फूट, काटेकोर मोजून नोंदलेली आहे. आसपासच्या कामांच्या उंच्या अशा पक्क्या खुणेशी ताडून घ्यायच्या, यासाठी तो.

याचा सुरक्षिततेशी काय संबंध? मोठाच आहे. जुन्या नकाशात पाईप जमिनीखाली चार फूट लिहिलेला असतो. कोणत्या जमिनीखाली? चाळीस वर्षांपूर्वीच्या. मधल्या काळात यार्डात मुरूम टाकून दोनदा भराव झाला असेल, तर तोच पाईप आज सहा फुटांवर असेल. आणि कुठे उतार छाटला असेल तर दोनच फुटांवर. उंची पक्क्या खुणेवरून मोजली नसेल तर जुना नकाशा आणि नवा नकाशा एकमेकांशी बोलतच नाहीत. म्हणून आम्ही यार्डात पहिल्या प्रथम धुराड्याच्या चौथऱ्याजवळ एक दगड पक्का रोवला आणि सर्व उंच्या त्यावरून घेतल्या. दुर्बिणीचा खेळ चालला होता तो याचा.

मोबाईलच्या जीपीएसवरही एक शब्द. ऊसनोंदणीला आमचे कर्मचारी मोबाईल घेऊन बांधावरून फिरतात, त्यात चार-पाच मीटरची चूक असू शकते. एकराच्या प्लॉटला ते चालून जाते. पण जमिनीतली विजेची केबल शोधताना चार मीटर म्हणजे जीव. तिथे दुर्बीण किंवा सेंटिमीटरपर्यंत नेमके सांगणारे सर्वेक्षणाचे यंत्रच पाहिजे. ड्रोन आता आपल्याला नवीन नाही; २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाच्या मोजणीला तो गावोगाव उडाला. पण ड्रोनला जमिनीच्या वरचे दिसते, पोटातले दिसत नाही.

जमिनीच्या पोटातले

सभासदांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते ते इथे.

पहिली गोष्ट माती. आपले यार्ड काळ्या मातीत आहे. काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला आम्ही काय सांगावा! मे महिन्यात ती खडकासारखी. पोकलेनने दहा फूट चर मारली तरी बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ उभी राहते, आणि बघणाऱ्याला वाटते, हिला आधार कशाला? पण तिच्यात भेगा असतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून आत उतरतो, माती फुगते, आणि तीच भिंत कोणतीही सूचना न देता सोलून खाली येते. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून जास्त. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस, डोके बाहेर असूनही, श्वास घेऊ शकत नाही. म्हणून दीड मीटरपेक्षा खोल चरीला दोन्ही बाजूंनी फळ्या-टेकूंचा आधार द्यावा, काढलेली माती कडेला लागून रचू नये, असा भारतीय मानक संस्थेचा दंडक आहे. हा दंडक सगळ्या ठेकेदारांना पाठ असतो. पाळण्याची पाळी आली की मे महिन्यातली ती सरळ भिंत दाखवतात.

इथे नकाशा कामाला येतो. नागपुरातच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. देशभरच्या मातीचे नकाशे तिथे होतात. कुठे काळी किती खोल, खाली मुरूम कुठे लागतो, हे समजायला अशा नकाशांची मदत होते. बांधकामाला मात्र तेवढ्यावर भागत नाही. जागेवरच बोअर घ्यावे लागतात. आपल्या यार्डात घेतलेल्या बोअरची माहिती इमारतीच्या मॉडेलमध्ये घातली, तर टाकीच्या पायाचा खड्डा काळ्या मातीत किती आणि मुरुमात किती, हे दिसते. वेळापत्रक जोडले की तो खड्डा पावसाळ्यात उघडा राहणार का, हेही दिसते. आमच्या पाहणीत तसा एक खड्डा निघाला. ठेकेदाराच्या वेळापत्रकात तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उघडणार होता. तो आता मे महिन्यातच खोदून, पाया भरून, बुजवायचा असे ठरले आहे. या बदलाला एक रुपया जास्त लागला नाही.

दुसरी गोष्ट पाईप, केबल आणि विहिरी. शहरात जमिनीत लहरी सोडून खालचे पाईप शोधणारे रडार वापरतात. तेही ओल्या काळ्या मातीत फार खोलवर बघू शकत नाही, कारण चिकणमाती त्या लहरी गिळते. मार्च २०२३ मध्ये केंद्राच्या दूरसंचार खात्याने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे मोबाईल ॲप सुरू केले. खोदण्यापूर्वी त्यावर कळवले की ज्यांच्या केबल वा पाईप तिथून गेले त्या संस्थांना निरोप जातो. चांगली सोय आहे. रस्त्याच्या कडेने पाईपलाईन टाकणाऱ्या सभासदांनीही जरूर वापरावी. पण आपल्या यार्डात जे पुरले आहे ते कोणत्याही ॲपमध्ये नाही. कारखाना उभा राहण्यापूर्वी ही शेतजमीन होती. तिच्यात विहिरी होत्या, मोटेचे थारोळे होते, पाटाचे पाईप होते. त्या विहिरी कुणी, कशाने बुजवल्या? दगड-मुरूम भरून, की पाचट-कचरा टाकून वर माती ओढून? पाचटाने बुजवलेली विहीर वरून सपाट दिसते. तिच्यावर वीस-पंचवीस टनांची क्रेन पाय रोवून उभी राहिली आणि पाय खचला, तर क्रेन कोणत्या बाजूला कलंडेल हे देवच जाणे.

याची माहिती कोणत्याही संगणकात नाही. ती सत्तरी-पंचाहत्तरीच्या सभासदांच्या डोक्यात आहे. म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो. आजवर दोन बुजलेल्या विहिरींच्या जागा पक्क्या झाल्या. एक नव्या गोदामाच्या दक्षिण कोपऱ्यापासून जेमतेम पंधरा फुटांवर. ती आता नकाशावर लाल वर्तुळात आहे आणि त्या वर्तुळात अवजड वाहन उभे करायचे नाही.

वरचे आणि कडेचे

वरच्या धोक्यांबद्दल थोडक्यात. यार्डावरून अकरा हजार व्होल्टची लाईन जाते. ट्रॉलीवर ऊस उंच रचला की काय होते हे आपण जाणतोच. क्रेनची बाही त्याहून कितीतरी उंच. संगणकातल्या नकाशात क्रेन उभी करून तिची बाही फिरवून बघितली, तेव्हा एका जागी ती लाईनच्या अंगाशी जात होती. क्रेनची जागा हलवली. गोदामाच्या छतावरच्या उघड्या कडा व जिन्यासाठी सोडलेली मोकळी जागा यांना कठडे कुठे, कधी लावायचे, हेही मॉडेलमधूनच काढता येते. ईस्टमन यांच्यासह अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २०१३ साली असा प्रोग्रॅम दाखवला, की जो मॉडेलमध्ये स्वतःच अशा कडा शोधतो आणि कठड्याचे काम वेळापत्रकात घालतो. तिकडे सहा फुटांपेक्षा उंच कडेला बंदोबस्त सक्तीचा आहे. आपल्याकडे सहा फूट म्हणजे लोकांना उंचीच वाटत नाही.

आता कोप्यांविषयी, कारण हा शेतकी खात्याचा विषय. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका गृहसंस्थेची संरक्षक भिंत पलीकडच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसे झोपेत गेली, त्यांत लहान मुलेही होती. वर उंच भिंत, तिच्यामागे पावसाने भिजलेला भराव, खाली बांधकामासाठी उतरवलेली जमीन, आणि भिंतीच्या पायथ्याशी झोपलेली माणसे. या चार गोष्टी एका कागदावर कुणी काढल्या असत्या तर कागद बघणाऱ्या शाळकरी पोरानेही झोपड्या हलवा म्हटले असते. त्याला लाखोंचा संगणक लागत नाही.

आपल्या यार्डात तोडणी टोळ्या दरसाल गोदामाच्या पश्चिम भिंतीच्या आडोशाला कोप्या घालतात. वारा लागत नाही, पाण्याचा नळ जवळ, म्हणून ती जागा त्यांना सोयीची. पुढच्या हंगामात त्याच भिंतीपलीकडे खोदाई होणार आणि वरून क्रेनची फेरी जाणार. कोप्यांची जागा हलवायची हे ठरले आहे. पण नळ आणि दिवा नव्या जागी आधी गेला नाही तर टोळ्या जुन्याच जागी येऊन उतरतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. तेव्हा नळ व दिव्याचे काम बांधकामाच्या वेळापत्रकात पहिल्या ओळीला घालावे, असे आम्ही मा. संचालक मंडळाला लिहून दिले आणि मंडळाने ते मान्य केले.

जे नकाशाने होत नाही

सगळे काही मॉडेलने साधेल असा समज कुणी करून घेऊ नये. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेच्या सुमारास ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. तेही नागपूरपासून सुरू होणाऱ्याच रस्त्याचे काम. अशा यंत्राचे वजन, त्याचा टेकू, त्याचे बोल्ट, हे दर पाळीला हाताने तपासावे लागते. संगणक बोल्ट आवळत नाही. आणि मॉडेलमध्ये जे भरले नाही ते मॉडेलला दिसत नाही. बुजलेली विहीर कुणी सांगितलीच नाही तर पडद्यावर तिथे भक्कम जमीनच दिसते. पडद्यावर बघून माणूस निर्धास्त होतो, हा तर आणखी एक धोका.

दुसरे असे, की मॉडेल साहेबाच्या टेबलावरच राहिले तर त्याचा मजुराला उपयोग शून्य. ज्याच्या डोक्यावरून गर्डर जाणार त्याला ते दिसले पाहिजे. आपल्या ठेक्यात ही अट घातली आहे की दर सोमवारी सकाळी त्या आठवड्याचा नकाशा मोठ्या कागदावर छापून काट्याजवळ, हजेरीच्या ठिकाणी आणि कोप्यांपाशी लावायचा. लाल म्हणजे जायचे नाही, पिवळे म्हणजे विचारून जायचे. अक्षर वाचता येत नसेल त्यालाही रंग कळतो. मुकादमाने आपल्या टोळीला तो दाखवायचा आणि दाखवला म्हणून सही करायची.

कुणी विचारेल, एवढा खर्च कशाला? नागपूर मेट्रोसारखी प्रणाली आपण घेतलेली नाही, आपल्या कामाला ती लागतही नाही. गोदामाचे आणि टाक्यांचे मॉडेल ठेकेदाराच्या इंजिनिअरकडे लॅपटॉपवर होतेच. लोखंड-सिमेंटचा हिशोब काढायला तो ते वापरतो. आम्ही त्यात यार्डाची मापं, वीजलाईन, विहिरी, गाड्यांच्या वाटा आणि कोप्या भरायला लावल्या, एवढेच. खर्च म्हणाल तर दुर्बिणीचे भाडे, बोअर आणि आमच्या माणसांचे पंधरा-वीस दिवस. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला, त्यातून मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर आला, आणि २०२० साली संसदेने सुरक्षिततेची नवी संहिता मंजूर केली. कायद्याने जबाबदारी मालकावर येते. आणि सहकारी कारखान्यात मालक कोण, हे शेअरच्या दाखल्यावर आपण सर्वांनी वाचले आहे.

पुढच्या हंगामात गाड्यांची परतीची वाट बदलणार आहे. रिकामी गाडी पूर्वी गव्हाणीवरून उत्तरेला वळून बाहेर पडत असे. आता ती दक्षिण फाटकाने जाईल. अर्धा फर्लांग जास्त पडेल. त्याबद्दल आताच कुरकुर सुरू झाली आहे, हे आमच्या कानावर आहे. पण नकाशात जुनी वाट क्रेनच्या फेरीतून बरोबर मधोमध जाते. रात्रीच्या पाळीला तिथे गाड्यांची रांग तुंबते, त्याच वेळी लोखंड उतरवायचे ठरले होते. वाट तरी बदलावी लागणार किंवा काम तरी, आणि गळीत थांबवून काम करणे कुणालाच परवडणारे नाही.

यार्डाचा नकाशा, एक सेंटिमीटरला दोन मीटर या मापाचा, शेतकी कार्यालयाच्या व्हरांड्यात लावला आहे. प्रत्येक गट कार्यालयातही एक प्रत पाठवली आहे. पाडव्यापर्यंत तो तिथे राहील. ज्या सभासदांच्या घरची जमीन कारखान्याच्या जागेत गेली, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन तो आवर्जून बघावा आणि विहीर, पाईप, थारोळे, जुना रस्ता, पुरलेला खांब, जे आठवेल ते शेजारी ठेवलेल्या वहीत लिहावे. खूण म्हणून झाड, बांध, काहीही चालेल. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी चिटबॉयकडे निरोप द्यावा, आमचा माणूस घरी येईल.

एका गोष्टीची विशेष चौकशी चालू आहे. जुन्या उपसा सिंचन योजनेचा सिमेंटचा पाईप यार्डाच्या उत्तर भागातून गेला हे नक्की. पण एका सभासदांच्या म्हणण्याप्रमाणे तो लिंबाच्या झाडावरून सरळ काट्याकडे गेला, आणि दुसऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे ओढ्याच्या कडेकडेने. दोघांनीही तो टाकताना बघितला आहे. पुढच्या आठवड्यात दोन्ही ठिकाणी कुदळ-फावड्याने, यंत्र न लावता, चाचणीचे खड्डे घेणार आहोत. त्या दिवशी दोघांनाही आम्ही बोलावले आहे. आणखी कुणाला तिसरी वाट ठाऊक असल्यास त्यांनीही यावे.